पाण्याचा हिशेब आपल्या वहीत



२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तेव्हा पाण्याला हात लावू देत नव्हते. आज नागपूरलगतच्या खेड्यात हँडपंप कोणीही हापसावा. पण त्या पाण्यात काय मिसळले आहे, हे आपण होऊन कोणी सांगत नाही.

कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे आपल्याला ठाऊक आहेत. आपल्याकडच्या कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख निघते. वीज तारेवरून दूर जाते, राखड इथेच राहते. ती पाण्यात कालवून पाइपाने खसाळा, वारेगावच्या तळ्यांत सोडतात. उन्हाळ्यात तीच वाळून वाळवणावर येऊन बसते.

नागपूरच्या सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि पुण्याच्या मंथन अध्ययन केंद्राने या भागातील पाणी व राखेचे नमुने तपासले, गावकऱ्यांशी बोलले. २०२१ साली अहवाल निघाला. पाण्यात पारा, आर्सेनिकसारखे घातक घटक मर्यादेबाहेर आढळले. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये नांदगावच्या तळ्यात राखड टाकणे थांबवण्याचा आदेश तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी दिला. आणि त्याच वर्षी जुलैत खसाळ्याचा बंधारा फुटून राखड शेतांत, नाल्यांत गेली. म्हणजे कागदाने काम होते, पण एका कागदाने भागत नाही.

अमेरिकेत १९८२ साली वॉरेन काउंटी या बहुसंख्य काळ्या लोकांच्या भागात विषारी माती पुरण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. नंतर १९८७ मध्ये एका चर्चच्या आयोगाने देशभराचे आकडे मांडून दाखवले की, असा कचरा कोठे जातो हे ठरण्यात वंशाचा वाटा सर्वांत मोठा आहे. राखेच्या तळ्याकाठी कोणाची घरे आहेत, हा प्रश्न आपल्याकडेही घरोघर जाऊन मोजायचा आहे.

कारकुनाला एक गोष्ट पक्की कळते : व्हाउचर नसेल तर खर्च मंजूर होत नाही. "आमच्याकडे फार धूळ उडते" हे साहेबाच्या टेबलावर टिकत नाही. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, कोणती विहीर, पाण्याचा रंग, घरात खोकला किती दिवस, हे वहीत लिहिलेले टिकते. ही वही महिला मंडळाकडे असावी, कारण पाणी त्याच भरतात. (आमची पुरुष मंडळी पहिली चार पाने भरून थांबतात!)

अभ्यासक आले तर चहा जरूर पाजा, पण आधी दोन गोष्टी कबूल करून घ्या. अहवाल मराठीत विहारात किंवा ग्रामसभेत वाचून दाखवायचा, आणि आजाऱ्याचे नाव छापायचे नाही. बाटली कोणती घ्यावी, कशी भरावी, हे प्रयोगशाळेला विचारूनच ठरवा. चुकीच्या बाटलीतला नमुना फुकट जातो.

प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघाली पाहिजे आणि अहवालाचा मराठी सारांश मिळाला पाहिजे, असे २००६ ची अधिसूचना सांगते. कोराडीच्या दोन नव्या संचांसाठी २९ मे २०२३ रोजी अशी सुनावणी झाली. तेथे लेखी हरकतही देता येते. वहीतील पानांच्या झेरॉक्स तिला जोडाव्यात.

पाणी तपासणीचे सरकारी निकाल माहिती अधिकारात मागता येतात. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही नाही, मात्र कार्डाची प्रत जोडावी लागते. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.