आमचं कच्चं, तुमचं रॉ

पुण्यात भिंतीला ‘लाइमवॉश’ करून देणारे लोक चौरस फुटावर दर लावतात. आमच्या वणीत याच कामाला चुना मारणं म्हणतात. दिवाळीच्या आधी किंवा घरात लग्न निघालं की कळीचा चुना आणायचा, जुन्या डब्यात पाण्यात टाकायचा, तो रटरट उकळायला लागला की पोरांना लांब पिटाळायचं. दुसऱ्या दिवशी त्यात थोडा डिंक, थोडी नीळ घालून कुंचल्यानं भिंतीवर ओढायचा. ऐपत असेल त्यानं ऑइलपेंट लावायचा, नसेल त्यानं चुना. रीलमध्ये जो ढगाळ, कमीजास्त पांढरेपणा ‘ऑरगॅनिक टेक्स्चर’ म्हणून दाखवतात, तो चुना मारणाऱ्याला दिसला तर तो निमूट दुसरा हात मारतो.

माझं भांडण चुन्याशी नाही. ओबडधोबड लाकूड, कच्चं सूत, मातीचा रंग, कमी सामान हे सगळं मलाही आवडतं. स्कँडिनेव्हियन म्हणा, त्यात जपानी मिसळून ‘जापांडी’ म्हणा, डोळ्यांना शांत वाटतं हे खरं. भांडण आहे ते त्यासोबत विकल्या जाणाऱ्या एका वाक्याशी: अपूर्णतेतच सौंदर्य आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बगला फीचर म्हणायची आमच्या धंद्यातली रीत जुनी आहे, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की कान टवकारतात.

हातानं काम करणाऱ्या कुणालाही अपूर्णता नको असते. बाजारात माठ घेताना बाई तो बोटाच्या पेरानं वाजवून बघते, आवाज बद्द आला तर खाली ठेवते. तिरक्या काठाचा माठ कुंभाराच्या अंगावर पडतो, त्याला कुणी ‘युनिक’ म्हणून दुप्पट पैसे देत नाही. माझी आजी घर सारवायची तेव्हा हाताच्या अर्धगोलांची रांग एकसारखी यावी म्हणून मागे सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत यायची, आणि मधे कुणी पाय ठेवला तर त्याचा उद्धार व्हायचा. तिला जमीन आरशासारखी हवी होती. आरशासारखी झाली नाही, कारण ती शेणामातीची होती आणि आजीचे गुडघे साठ वर्षांचे होते. जिथे हात थकला तिथे जे उरलं, त्याला आज आपण सौंदर्य म्हणतोय. म्हणावं, हरकत नाही. पण मुद्दाम वाकडा केलेला कप आणि सरळ करता करता राहिलेला कप यांत फरक आहे, आणि तो फरक विकणाऱ्याला चांगला ठाऊक असतो.

मुद्दाम वाकडं करणं परवडतं कुणाला? ज्याच्या घरातलं बाकी सगळं सरळ आहे त्याला. नळाला पाणी आहे, स्लॅब गळत नाही, संडास घरात आहे, वायरिंग भिंतीच्या आत आहे. मग एका भिंतीला थोडा खडबडीतपणा चालतो, शोभतो. आमच्या घराची माती मात्र प्रत्येक पावसाळ्यात ओल धरायची, घुशी कोपरा उकरायच्या, तुळईला वाळवी लागायची. गडाच्या बाजूनं माकडांची टोळी उतरली की कौलं फुटायची. गल्लीतल्या निम्म्या घरांवर कौलं जाऊन पत्रे आले ते सौंदर्यदृष्टी मेली म्हणून नव्हे. मे महिन्यात त्या पत्र्याखाली माणूस भाजून निघतो हे बसवणाऱ्यालाही माहीत होतं. रोज कौलं चाळायला घरात माणूस उरला नव्हता, इतकंच.

बरं, ज्या देशांच्या नावानं हे चाललंय त्यांनी तरी काय केलं ते बघा. १८९९ साली स्वीडनमध्ये दोन पुस्तकं आली. कार्ल लार्सन या चित्रकाराचं स्वतःच्या साध्या, उजळ घराच्या जलरंगांचं ‘एत हेम’, आणि एलेन केय या लेखिकेचं ‘सर्वांसाठी सौंदर्य’ अशा अर्थाच्या नावाचं. साधं, स्वस्त, सुंदर घर ही कल्पना तिथे रुजली ती ‘सर्वांसाठी’ या शब्दासकट. तेव्हाचा स्वीडन आजच्या कॅटलॉगमधला नव्हता. दारिद्र्यामुळे तिथून लाखो लोक अमेरिकेला निघून गेले होते. १९३८ मध्ये लुडविग नूर्डस्ट्रम हा लेखक रेडिओसाठी देशभर फिरला आणि त्यानं ओल, उवा, गलिच्छ पाणी, कोंदट खोल्या यांचं असं वर्णन केलं की त्या मालिकेचं नावच ‘घाणेरडा स्वीडन’ अशा अर्थाचं आहे. मग १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत, ऐंशी लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या देशानं सुमारे दहा लाख घरं बांधली. त्यातल्या कितीतरी इमारती काँक्रीटच्या, एकसुरी, आज ज्यांना कुणी पिंटरेस्टवर पिन करणार नाही अशा. पण कोरड्या आणि उबदार. क्रम लक्षात घ्या. आधी ओल गेली, मग लाकडाचा नैसर्गिक पोत कौतुकाचा झाला. २०२० च्या डिसेंबरात तुर्भ्याला आयकिया उघडलं तेव्हा आपल्यापर्यंत पोत पोचला, क्रम तिकडेच राहिला.

आपल्याकडे मातीच्या भिंतीची दोन नावं आहेत. सरकारी कागदावर ती ‘कच्ची’. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात कच्च्या भिंती आणि कच्च्या छपराची एकच खोली असणं हा वंचिततेचा निकष होता. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत त्या भिंतीच्या बदल्यात सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार मिळतात आणि किमान २५ चौरस मीटरचं पक्कं घर बांधायचं असतं. तीच भिंत द्राक्षबागेशेजारच्या रिसॉर्टमध्ये ‘रॉ’. दिंडोरीच्या बाजूला अशा एका ठिकाणी मी ऑफिसच्या लोकांबरोबर गेलो होतो. ‘मड कॉटेज’च्या भिंतीवर नख ओढून पाहिलं, खाली सिमेंट. वर मातकट टेक्स्चर पेंट. अंगणातलं सारवण मात्र खरं होतं, आणि ते करणाऱ्या दोघी जणी रोजंदारीवर होत्या. दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये छाटणीला, खुडणीला सुरगाणा-पेठकडची कुटुंबं येतात आणि हंगामभर प्लास्टिकच्या कागदाच्या झोपड्यांत राहतात. कारवीच्या काठ्यांचा कूड विणून त्याला दोन्हीकडून शेणामातीनं लिंपायची विद्या आहे ती यांच्याकडे. या भागात मातीचं घर कसं उभं राहतं हे विचारायचं असेल तर या लोकांना विचारायला हवं, आणि ते कागदाखाली झोपतात.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, मित्रांकडून ऐकलेलं: ‘अरे, निदान यामुळे मातीला प्रतिष्ठा तरी मिळतेय ना?’ प्रतिष्ठा फोटोला मिळतेय. माती लिंपणारीचा रोज त्यानं वाढलेला मला दिसला नाही. आणि खऱ्या मातीला तर रंगाच्या डब्यानं बाजारातून हुसकावलंय. नासिकमध्ये जुने वाडे पडतात तेव्हा कोरीव खांब, दरवाजे, तुळया विकल्या जातात आणि कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये कॉफी टेबल होऊन बसतात. वाडा वाचला असं त्याला म्हणायचं का?

दुसऱ्या बाजूचे, ‘आपले पूर्वज किती शहाणे, मातीतच राहायला हवं’ म्हणणारे, त्यांच्याशीही माझं जमत नाही. त्यांनी किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची मणामणाची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो गेली. त्यानंतर मराठवाड्यात कुणी मातीला भ्यायलं तर त्याला अडाणी म्हणायची कुणाची छाती आहे? पण त्याच वर्षी भारतीय मानक संस्थेनं मातीची घरं भूकंपात कशी टिकवावीत याचं मानक काढलं, आयएस १३८२७. म्हणजे माती वाईट हा निष्कर्ष अभियंत्यांचा नव्हता. बांधणी वाईट होती, वजन चुकीच्या जागी होतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या ‘अस्त्र’ केंद्रानं थोडं सिमेंट किंवा चुना मिसळून दाबलेल्या मातीच्या विटांवर वर्षानुवर्षं काम केलं. लॉरी बेकरनं केरळात स्वस्त घरं बांधून दाखवली, त्यात राहणारे लोक मॉडेल नव्हते.

मी नासिकजवळच्या कॉलेजात इंजिनिअरिंग केलं. आमच्या होस्टेलवर सिव्हिलची पोरं होती, चार वर्षं त्यांच्या तोंडून आरसीसीशिवाय शब्द ऐकला नाही. गावाकडचा गवंडीही आता मातीच्या भिंतीवर बिनदिक्कत सिमेंटचा गिलावा करतो. आतली माती ओल सोडू पाहते, सिमेंट ती अडवतं, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात, आणि सगळे म्हणतात, बघा, मातीचं घर टिकत नाही. चुन्याचा गिलावा केला असता तर भिंत श्वास घेत राहिली असती. हे सांगणारं तालुक्याला कुणी नाही. सांगणारे सगळे शहरात, सल्लामसलतीची फी घेऊन.

माझी मागणी फार मोठी नाही. घरकुलाच्या पैशात ज्याला चुन्या-मातीचं, दाबलेल्या विटांचं, हलक्या छपराचं घर हवं त्याला ते बांधता यावं, आणि ते ‘कच्चं’ धरू नये. लिंपणारीला गवंड्याइतका रोज मिळावा. डिझायनरांनी मातीची भिंत जरूर विकावी, पण सोबत दर आठ दिवसांनी ती जमीन सारवायला कोण बसणार हेही कोटेशनमध्ये लिहावं. हा शेवटचा मुद्दा चेष्टेचा नाही. साधेपणाला देखभाल लागते, आणि आपल्याकडे ती देखभाल म्हणजे जवळजवळ नेहमी एखाद्या बाईची कंबर. आमच्या घरात मातीच्या जमिनीचं कौतुक करणारे सगळे पुरुष होते, मी धरून.

यंदा वणीच्या घराचं काम काढलंय. भिंती जुन्याच ठेवतोय, आतून चुन्याचा गिलावा करायला चांदवडकडचा एक म्हातारा गवंडी मिळालाय. जमिनीसाठी मी आईला काळा दगड, कोटा, शहाबादी असे सगळे नमुने दाखवले. तिनं दुकानातली सगळ्यात गुळगुळीत, चकचकीत, पांढरी टाइल निवडली. म्हणाली, ‘एक फडका मारला की झालं.’ पैसे मी कालच पाठवले.