‘एकदम भारी’ आणि अभिप्रायाची जबाबदारी

अमरावती जिल्ह्यातील एका चर्चासत्रात आम्ही श्रोते म्हणून बसलो होतो. पाच निबंध वाचले गेले. समारोप करताना अध्यक्षांनी पाचही निबंधांसाठी ‘जबरदस्त’, ‘एकदम भारी’ आणि ‘सुपर’ ही तीनच विशेषणे आलटूनपालटून वापरली. त्यांतील एका निबंधात लीळाचरित्राचा काळ शंभर वर्षांनी पुढे गेला होता. टाळ्या त्यालाही पडल्या आणि पुढे तो त्याच चुकीसह छापलाही गेला. आज त्या तरुण संशोधकाची चूक कोणी दाखवली, तर दोष त्याच्या एकट्याच्या माथी येईल. ‘भारी’ म्हणणाऱ्यांना कोणी जाब विचारणार नाही.

आमचा आक्षेप आहे तो नेमका येथे. व्यावसायिक ठिकाणी सैल, उत्साही भाषा वापरण्याचे समर्थन ‘मोकळेपणा’ या शब्दाने केले जाते. वातावरण हलके होते, नवोदितांना धीर येतो, असे सांगितले जाते. धीर द्यावाच, पण ज्याचे काम अभिप्राय देणे आहे, त्याने ‘भारी’ म्हणून थांबणे म्हणजे काम न करणे होय. पाचही निबंध सारखेच जबरदस्त असतील, तर चांगला निबंध लिहिणाऱ्याला तरी काय मिळाले?

शिवाय हा मोकळेपणा सर्वांसाठी नाही. त्याच सभागृहात प्रश्न विचारताना एका विद्यार्थिनीच्या तोंडून ‘मले’ गेले आणि हशा पिकला. ती खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. पुण्या-मुंबईच्या वळणाचे ‘भारी’ व्यासपीठावर चालते, इंग्रजी ‘सुपर’ तर शोभून दिसते. वऱ्हाडातच वऱ्हाडी मात्र अशिष्ट ठरते. तिचा प्रश्न त्या दिवसातील सर्वांत नेमका होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

बोलीत काटेकोरपणा नसतो, असे ज्यांना वाटते त्यांनी अकोल्याच्या कापूसबाजारात एक सकाळ काढावी. तेथे बोलणे अस्सल वऱ्हाडी असते. पण धाग्याची लांबी, ओलावा आणि कचरा पाहिल्यावाचून भाव ठरत नाही. ‘माल भारी आहे’ एवढ्यावर व्यापारी पैसे मोजत नाही. आम्ही मात्र तेवढ्यावर प्रमाणपत्रे वाटतो.

जुना दाखला हवा असेल तर तोही याच जिल्ह्यातला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी रिद्धपुरी लीळाचरित्र सिद्ध केले. त्यातील संवाद नित्याच्या बोलण्यातले आहेत. मात्र आठवणी गोळा करताना म्हाइंभटांनी त्या त्या प्रसंगांच्या साक्षीदारांकडे विचारपूस केली आणि आठवणींत फरक आढळला तेथे तो फरकही नोंदवला. भाषा घरगुती, पण शिस्त पक्की, असे हे उदाहरण आहे. आज रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तेथून जवळच भरणाऱ्या चर्चासत्रांत एवढी शिस्त मागणे फार नव्हे.

यावर कोणी विचारील, मग तुम्हांला ‘उपरोक्त विषयान्वये’ हवे आहे काय? मुळीच नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर कचेऱ्यांत मराठी आली, हे मोलाचेच झाले; परंतु त्या मराठीचा एक भाग असा घडला की त्यात निर्णय ‘घेण्यात येतो’, घेणारा दिसतच नाही. उत्साही मराठीत कौतुक होते आणि कौतुकाचे कारण दिसत नाही. दोन्हींकडे बोलणारा सुरक्षित राहतो.

आम्ही स्वतःला यातून वगळत नाही. नॅकची समिती यायची म्हणून आम्हीही अहवालांत सामान्य उपक्रमांना ‘उल्लेखनीय’ म्हटले आहे, आणि न वाचलेल्या प्रकरणांवर ‘उत्तम’ असा शेरा मारला आहे. त्या चर्चासत्रात काळाची चूक आमच्या ध्यानात आली होती; चहाच्या वेळी आम्ही ती आपसांत बोललो, त्या तरुणाला सांगितली नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. अभिप्राय देणाऱ्याने काय चांगले आहे, कोठे आहे आणि काय चुकले आहे, हे सांगावे. वऱ्हाडीत सांगितले तरी चालेल. ‘हे तुह्यं चुकलं बाप्पा, सन पाहून घे’ एवढे वाक्य त्या दिवशी कोणी उच्चारले असते, तर त्या निबंधाचे भले झाले असते.