जुगाराच्या गल्ल्यावर बसलेलीं आमचीं पोरें

जुगार वाईट, हें सांगण्यासाठीं वर्तमानपत्राची जागा खर्चण्याची गरज नाहीं. धर्मराजाची गोष्ट आमच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायांनाहि पाठ आहे. परंतु जुगार खेळणारा आणि जुगाराच्या जागीं पोटासाठीं नोकरी करणारा हीं दोन निरनिराळीं माणसें आहेत, हें मात्र आमच्या लोकांच्या ध्यानांत येत नाहीं. गोव्यांत नोकरीस जाणाऱ्या तरुणांपैकीं कांहींजण पणजीस मांडवी नदींतल्या कॅसिनोच्या बोटींवर कामाला लागतात. कोणी गल्ल्यावर रोख मोजतो, कोणी पत्ते वाटतो, कोणी चाक फिरवितो, कोणी पाहुण्यांना जेवण वाढतो. असा मुलगा सणाला गांवीं आला कीं पारावर कुजबूज सुरू होते, ‘जुगाऱ्याचा नोकर आला.’ मुलगी देणारे मागें सरतात. हा न्याय कोणता, हें आज विचारावयाचें आहे.

प्रथम हा धंदा तेथें आला कसा, तें पाहूं. गोव्याचा जुगाराचा कायदा १९७६ सालचा. त्यांत १९९२ सालीं दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराचीं यंत्रें ठेवण्यास, व १९९६ सालीं बोटींवर टेबलावरचे खेळ चालविण्यास वाट मोकळी झाली. महाराष्ट्रानेंहि १९७६ सालींच कॅसिनोचा एक कायदा केला होता. तो कधीं अमलांतच आला नाहीं आणि २०२३ सालीं रद्द झाला. म्हणून पत्रादेवीच्या नाक्याअलीकडे जो गुन्हा, तोच पलीकडे परवान्याचा धंदा. गोवा सरकारनें स्थानिक लोकांस खेळण्यासाठीं आंत जाण्याची बंदी १ फेब्रुवारी २०२० पासून लागू केली. कामाला जाणाऱ्यांस ती नाहीं. म्हणजे गोंयकारानें आंत पैसा हरूं नये, पण परक्याचा हरलेला पैसा मोजावयास हरकत नाहीं! कराचें म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्ससाठीं भरलेल्या सबंध रकमेवर २८ टक्के जीएसटी बसला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. सरकार परवाना देतें, सरकार कर घेतें, मालक नफा घेतो. आणि पाप तेवढें गल्ल्यावरच्या पोराच्या माथीं! चोर सोडून संन्याशाला फांशीं देण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

आतां या पोराचें काम कसें असतें, तें पाहा. जगभरच्या कॅसिनोंची रीत साधारण एकच. खेळणाऱ्यानें नोटा दिल्या कीं त्या टेबलाच्या कापडावर पसरून मांडावयाच्या, म्हणजे वरच्या कॅमेऱ्याला प्रत्येक नोट दिसावी. रक्कम मोठ्यानें बोलावयाची, देखरेख करणाऱ्यानें होकार द्यावयाचा, चिप्सच्या सारख्या उंचीच्या चवडी लावून त्या पुढें सरकवावयाच्या, आणि नोटा टेबलाखालच्या कुलूपबंद पेटींत ढकलावयाच्या. ती पेटी मोजणारे लोक वेगळे. टेबल सोडतांना हात झाडून, तळवे उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवावयाचे. गल्ल्यावर बसणाऱ्यानें पाळीच्या आरंभीं मिळालेली रक्कम मोजून सही करावयाची, व पाळीअखेर रोख, चिप्स आणि पावत्या यांचा मेळ घालून द्यावयाचा. इतक्या कडक हिशेबांत रोज राहणाऱ्या माणसाला आम्ही बेइमान ठरवितों! आमच्या गांवोगांवच्या सोसायट्यांचे आणि देवस्थानांचे किती खजिनदार वर्षांतून एकदां तरी असे तळवे उघडून दाखवितात?

टेबलावर कपट करण्याची मालकाला गरजच नसते. शकुनीला कपटाचे फांसे लागले. येथें खऱ्या चाकावरहि मालकच जिंकतो. रूलेटच्या एका शून्याच्या चाकाला ० पासून ३६ पर्यंत ३७ खण असतात. आपला आंकडा लागला तर एकास पस्तीस मिळतात व लावलेला पैसा परत येतो. आम्हां शाळामास्तरांना हें गणित चौथीच्या मुलास घालतां येईल. प्रत्येक खणावर १०० रुपये लावले तर ३,७०० रुपये गेले. कोणता तरी एक आंकडा लागणारच. त्याचे ३,६०० रुपये परत आले. राहिलेले १०० रुपये मालकाचे, म्हणजे शंभराला सुमारें २ रुपये ७० पैसे. चाकाला दोन शून्यें असलीं तर हीच तूट शंभराला सव्वापांच रुपयांच्या वर जाते. रात्रभरांत एका शून्याच्या चाकावर १०० रुपयांच्या ३७० फेऱ्या खेळणारा सरासरीनें १,००० रुपये तेथेंच ठेवून उठतो. एखादा जिंकतोहि, आणि त्याची आरोळी सगळ्या बोटीला ऐकूं जाते. हरणारा मात्र मुकाट्यानें पुन्हां गल्ल्याशीं येऊन उभा राहतो. त्याला पाहणारा कोण? हाच पोरगा.

पाळीअखेर मेळांत ५०० रुपये कमी आले तर काय होतें? हॉटेल असो, बार असो, कॅसिनो असो, मालक पगारांतून कापून मोकळा होऊं पाहतो, आणि कायदा ठाऊक नसल्यामुळें पोरगा सोसतो. १९३६ च्या वेतन कायद्यानें रोखीच्या तुटीबद्दल कपात करण्यास मुभा दिली, पण अटी घातल्या. तूट त्या कामगाराच्याच हयगयीमुळें किंवा कसुरीमुळें झालेली असावी. कपात तुटीहून अधिक नसावी. आणि कापण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें. २०१९ च्या वेतनसंहितेंतहि ह्या अटी आहेत. म्हणून गल्ल्यावर बसणाऱ्या मुलांनों, स्वतः मोजल्यावांचून सही करूं नका. आपला गल्ला घटकाभरहि दुसऱ्याच्या हातीं देऊं नका. तूट निघाली तर त्याच वेळीं लिहून द्या आणि कॅमेऱ्यांतलें चित्र तपासण्याची मागणी करा. तुमची चोरी पकडण्यासाठीं जो कॅमेरा बसविला, तोच तुमच्या खरेपणाचाहि साक्षीदार आहे. आणखी एक. एका माणसाकडून एका दिवसांत दोन लाख किंवा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्यानें २०१७ सालीं मनाई केली. कोणी साहेब ‘चार नांवांवर पावत्या फाड’ म्हणाला, तर त्या पावतीवर अक्षर तुमचें असेल, साहेबाचें नव्हे, हें विसरूं नका.

परंतु पैशाचा मेळ लागला म्हणजे सगळें झालें असें नाहीं. गल्ल्यावरच्या मुलाला दिसतें, कीं एकच माणूस चौथ्यांदा आला आहे, त्याचे हात कांपताहेत, घरचा फोन तो उचलीत नाहीं, शेजाऱ्याकडे उसने मागतो आहे. मालकाची अपेक्षा एवढीच, कीं मुलानें हंसून चिप्स द्याव्या. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स राज्यांत क्लबांतून व हॉटेलांतून जुगाराच्या यंत्रांपाशीं काम करणाऱ्याला आधीं एक अभ्यासक्रम पुरा करून दाखला घ्यावा लागतो. शिकावयास गेलेल्या आमच्याकडच्या मुलालाहि असें काम हवें तर तो चुकत नाहीं. नादीं लागलेला माणूस कोणत्या खुणांवरून ओळखावा, मदत कोठें मिळते तें त्याला कसें सांगावें, स्वतःवरच प्रवेशबंदी घालून घेण्याची सोय कशी दाखवावी, हें त्यांत शिकवितात. तेवढ्यानें तिकडचा जुगार थांबला नाहीं. लोक तेथेंहि भरपूर हरतात. पण बुडणाऱ्याकडे पाहून गप्प बसणें हेंच नोकराचें काम, असें तेथील कायदा तरी म्हणत नाहीं.

आमचें मागणें असें आहे. जेथें सरकार जुगाराला परवाना देतें, तेथें गल्ल्यावरील व टेबलावरील प्रत्येक नोकराला असें शिक्षण मालकाच्या खर्चानें मिळावें. नाद अनावर झालेल्या माणसाला चिप्स नाकारण्याचा त्याला अधिकार असावा, आणि तो वापरल्याबद्दल त्याची नोकरी जाऊं नये, ही अट परवान्यांतच लिहावी. ज्या करांतून सरकारचा खजिना भरतो, त्यांतून एवढें करणें जड नाहीं.

गांवकऱ्यांसहि दोन शब्द. पारावर बसून या मुलांना नांवें ठेवणाऱ्यांतले किती जण सकाळींच मटक्याचा आंकडा लावून आलेले असतात, तें त्यांनीं आपल्या मनाशीं मोजावें. मुलगी देणाऱ्यानें मुलगा कोठें नोकरी करतो एवढ्यावरूनच पाठ फिरवूं नये. तो स्वतः खेळतो काय, पगारांतलें घरीं काय पाठवितो, हें विचारावें. आणि मुलांनों, दुसऱ्याचा पैसा मोजतां मोजतां आपला एक रुपयाहि त्या चाकावर ठेवूं नका. त्या चाकाचें गणित तुमच्याइतकें कोणाला ठाऊक आहे?