कासव चुकते, तेव्हा मूल शिकते

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय शिक्षणात ‘कोडिंग’ला स्थान दिले. पण फळ्यावरच्या आज्ञा वहीत उतरवून पाठच करायच्या, तर त्यात नवे ते काय? १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी ‘लोगो’ ही संगणकभाषा मुलांसाठी घडवली. तिच्यात पुढे आलेले कासव सांगू तसे चालते, वळते, मागे रेघ सोडते. सारखे अंतर चालून चारदा ९० अंशांत वळले की चौरस. त्रिकोणासाठी मूल साहजिकच ६० अंश सांगते आणि पडद्यावर अर्धा षटकोन उमटतो! वळायचे असते १२०, कारण कासव बाहेरच्या कोनातून वळते. हे मुलाला स्वतःच सापडू द्यावे. आयती उत्तरे देणारी यंत्रे हाताशी असताना, चूक हुडकण्याची ही सवयच पालकांनी जपावी, असे मला वाटते.