वारसा करानं नाही, कागदानं बुडतो



मागच्या आठवड्यात इथं आदिलाबादला चहा घेताना पुन्हा तोच विषय निघाला. सरकार वारसा कर परत आणणार म्हणे. एकजण मला म्हणाला, "साहेब, तुम्ही बँकेतले. आमचं घर-वावर जाईल का हो?" तिथं मी थोडक्यात उत्तर दिलं, इथं सविस्तर लिहितो.

आधी आमच्या घरातली गोष्ट. आजोबा निजामाच्या राज्यात आसिफाबादच्या कचेरीत अहलकार होते. दर महिन्याला तनखा हातात येण्याआधीच त्यातून विम्याची रक्कम कापली जायची. निजाम सरकारनं आपल्या नोकरांच्या कुटुंबांसाठी ही सोय १९०७ साली सुरू केली, म्हणजे सहाव्या निजामाच्या, महबूब अली खान यांच्या काळात. इंग्रजी मुलखात पोस्टाचा विमा त्याआधी १८८४ पासून होता, तोही सुरुवातीला फक्त पोस्टाच्या नोकरांसाठी. आजोबा या कपातीवर कुरकुरायचे, असं आजी सांगायची. "मेल्यावरचे पैसे जित्यापणी कशाला कापता?" असं त्यांचं म्हणणं.

आजोबा जंगलातल्या तापानं गेले तेव्हा आजी सत्तावीस वर्षांची होती, पदरात तीन लेकरं. कागद सगळे उर्दूत आणि आजीला अक्षरओळख नाही. शेजारच्या मुन्शीजींनी अर्ज लिहून दिला. हजार रुपये हाली शिक्का मिळाले. सात हाली म्हणजे सहा कलदार, या हिशोबानं साधारण ८५७ कलदार. त्या पैशावर माझे वडील शिकले. मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो, त्याचं मूळ त्या कापलेल्या तनख्यात आहे. तोच विमा पुढे आंध्र प्रदेशात आणि आता तेलंगणात सरकारी नोकरांसाठी चालू आहे. निजामाबद्दल आपल्या लोकांच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे, माझ्याही घरानं रझाकारांचे दिवस पाहिलेत. पण चांगल्याला चांगलं म्हणायला काय हरकत आहे?

आता कराचं. पुष्कळांना वाटतं, मृत्युकर इंग्रजांनी आणला. तसं नाही. विलायतेत त्यांनी १८९४ ला इस्टेट ड्यूटी लावली, हिंदुस्थानात नाही. इथं प्रोबेटवर आणि वारसा दाखल्यावर कोर्ट फी घ्यायचे, तेवढंच. खरी इस्टेट ड्यूटी आपल्याच संसदेनं १९५३ साली आणली. वीस लाखांच्या वरच्या भागावर दर पुढे ८५ टक्क्यांपर्यंत गेला. तो कर भरता यावा म्हणून लोक वेगळा विमा घ्यायचे, त्याला कायद्यात ठराविक सूटही होती. १९८५ ला विश्वनाथ प्रताप सिंग अर्थमंत्री असताना हा कर गेला. कारण काय, तर वर्षाचं उत्पन्न जेमतेम वीस कोटी आणि कटकट भारी. उद्या तो परत आला तरी मोठ्या इस्टेटींवर येईल. त्यावर भांडायचं त्यांनी भांडावं. आपल्यासारख्यांची घरं त्या करानं बुडाली नाहीत आणि बुडणारही नाहीत. ती बुडतात नॉमिनीच्या रकान्यानं.

हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

नव्वदच्या दशकात मी एका गावात शाखेवर होतो. एका माणसानं लग्नाआधी विमा काढलेला, नॉमिनी धाकटा भाऊ. लग्न झालं, दोन मुलं झाली, रकाना तसाच राहिला. माणूस गेला. भाऊ चेक घेऊन खातं उघडायला आला, आणि ती बाई बाहेर बाकावर लेकरू मांडीवर घेऊन बसलेली. कागद बरोबर होते, मी सही केली. मला कायदा माहीत होता. सर्वोच्च न्यायालयानं १९८३ सालीच सांगितलं होतं, की नॉमिनी हा पैसे घेणारा हात, मालक नव्हे; पैसा वारसांचा. बायको आणि मुलं पहिल्या वर्गातले वारस, त्यांच्यापुढे भाऊ कुठंच नाही. दोन पावलं चालून एवढं तिला सांगायला माझं काय जात होतं? "आपलं काम नाही" म्हणून मी बसून राहिलो. पुढे ती लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाते असं कानावर आलं.

म्हणून आता सांगत सुटलो आहे.

१८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा इंग्रजांच्या वेळचा, आजही जिवंत. १९२३ ला त्याचं विम्याचं कलम हिंदू-मुसलमान सगळ्यांना लागू केलं. विमा घेतानाच त्या कायद्याखाली अर्ज भरला, तर ती रक्कम बायको-मुलांची. सावकार, बँक, भाऊबंद, कोणी हात लावू शकत नाही. पण हे विमा घेतानाच करावं लागतं, नंतर नाही. एजंट सहसा सांगत नाहीत, आपण विचारायचं. २०१५ पासून आणखी एक बदल झाला. विम्याला बायको, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच. भाऊ, पुतण्या असेल तर जुनीच गोष्ट.

आपल्या तेलंगणात २०१८ पासून रयतू बीमा आहे. १८ ते ५९ वयाचा पट्टादार शेतकरी गेला, तर घरच्यांना पाच लाख, आणि हप्ता सरकार भरतं. माझ्या मते निजामाच्या त्या कपातीनंतरची ही सगळ्यात मोठी गोष्ट. पण दोन उणिवा आहेत. एक, पट्टा नावावर नसलेला कौलदार त्यात नाही, आणि पैनगंगेच्या या काठाला दुसऱ्याचं वावर कसणारे काय कमी आहेत? कर्ज तोच काढतो, विष पिण्याची पाळीही त्याच्यावरच येते. त्याला यात घेतलंच पाहिजे, ही सरकारकडे मागणी. दुसरी उणीव आपली. नॉमिनीच्या रकान्यात कोणाचं नाव आहे, हे कितीकांच्या बायकांना माहीत आहे?

माझी विनंती एकच. आज रात्री जेवण झालं की पेटी उघडा. विम्याचे बाँड, ठेवीच्या पावत्या, पासबुकं बाहेर काढा आणि घरच्या बाईसमोर ठेवून एकेक वाचून दाखवा. जुनं नाव असेल तर या महिन्यातच बदला.

आजीला वाचता येत नव्हतं, पण आजोबांचा विमा आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती मुन्शीजींकडे जाऊ शकली. बाकावरच्या त्या बाईला तेवढंही कोणी सांगितलं नव्हतं. सांगू शकणाऱ्यांत मीही होतो.