घास अडतो तिचा, निवाडा देतो आपण

मंडळी, बरेच दिवस मनात खदखदत होतं, आज लिहूनच टाकते. नातेवाईक वाचणार आहेत हे ठाऊक आहे. किंबहुना त्यांनी वाचावं म्हणूनच लिहिते आहे.

वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या घशाखाली पोळी-भात उतरेनासा झाला की आपण घरचे लोक ताबडतोब न्यायाधीश होतो. निकालही दोनच ठरलेले. एक, "नखरे आहेत हिचे." दुसरा, "ऑपरेशन फसलं, सांगत होतो करू नका." तिसरी काही शक्यता असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. या निवाड्यापायी माझ्या एका भाचीचे पाय जायची वेळ आली होती, म्हणून हा राग.

मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी. ए. केलं आणि ३५ वर्षं मुलांना मराठी शिकवलं. पण तिच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर जे तास काढले, त्यात प्रश्न विचारायची जुनी खोड काही सुटली नाही, त्यामुळे थोडंफार कळलं.

तिचं ऑपरेशन स्लीव्ह प्रकारचं. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा काढतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी उरते. आपलं जठर ताणून लिटरभर तरी अन्न मावून घेतं. तिच्या नळीत एका वेळी जेमतेम वाटीभर मावतं. बायपासमध्ये तर जठराची पिशवी त्याहूनही लहान ठेवतात. म्हणून आधी काही दिवस नुसतं पाणी आणि पातळ पेज, मग दाट पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी घट्ट अन्न, अशा पायऱ्या असतात. घट्टमध्येही गंमत अशी की आपल्याला जे "हलकं" वाटतं तेच अडतं. मऊसूत पोळी, ताजा पाव, भात! पोळी-पाव आत गेल्यावर त्यांचा चिकट गोळा होतो, भात फुगतो. कोरडं चिकन अडतं, पण मासा बहुधा चालतो. मुगाचं दाट वरण, कुस्करलेलं पनीर, दही, अंड्याची मऊ भुर्जी हे सहसा उतरतं. लहान चमचा, भरपूर चावणं, जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतरही अर्धा तास नाही.

आता यात नखरा कुठे आला? एक घास बत्तीस वेळा चावावा असं मी वर्गात किती पिढ्यांना सांगितलं असेल, आणि आपण सगळेच नातवंडांना सांगतो. ही मुलगी खरोखर तसं चावते, तर तिच्या समोर बसलेली माणसं ताटाकडे बघून सुस्कारे सोडतात. "अगं, आमची आमटी गार झाली."

गेल्या वर्षी तिचं ऑपरेशन जूनमध्ये झालं आणि सप्टेंबरात गौरी जेवल्या. तोवर तिला दाट वरणसुद्धा उलटून पडू लागलं होतं. रोज एकदा तरी, कधी तीनदा. पानावर पुरणपोळी आली. ती म्हणाली, "नको, मला जाणार नाही." मग सुरू झालं. "अर्धी तरी घे." "सणाच्या दिवशी नाही म्हणू नये." "गौरीचा प्रसाद आहे गं, एकच घास." तिने घेतला एक घास. पाच मिनिटांत तोंडाला फेसाळ लाळ सुटली, छातीत गच्च झालं आणि ती मोरीकडे धावली. मागे पंगतीत कुणीतरी म्हणालं, "डोक्यात घेतलंय तिने." गंमत अशी की वर्षभरापूर्वी हीच मंडळी तिच्या दुसऱ्या पोळीकडे डोळे वटारून बघत होती. तेव्हा "किती खाते", आता "काहीच खात नाही, हाडं दिसायला लागली". जाड असताना तिचं ताट आपलं, बारीक झाल्यावरही आपलंच. तिचं ते कधी असणार?

पण नुसत्या घरच्यांना झोडपून भागणार नाही. इस्पितळाने (नाव लिहीत नाही) तिला जाताना एक छापील कागद दिला होता. सगळा इंग्रजीत. त्यात "सॉफ्ट डाएट" म्हणून काय, तर मॅश्ड पोटॅटो, टूना आणि कॉटेज चीज! आमच्याकडे टूना आणायचा कुठून आणि आणला तरी खायचा कुणी? आमची ही भाची पक्की शाकाहारी, अंडंदेखील नाही. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत असं त्यावर होतं, पण ती वरण, दही आणि पनीर यांतून कशी जमवायची, पोळी नेमकी कधी, भाकरी दुधात कुस्करली तर चालेल का, याचा एक शब्द नाही. लाखो रुपये घेणाऱ्यांना मराठीत एक पान छापणं जड जावं? फोन केला तर ठरलेलं उत्तर : "होतं असं सुरुवातीला, हळू खा, सवय होईल."

सवय होणं वेगळं आणि दुखणं वेगळं. नवा पदार्थ एखाद्या दिवशी अडला तर ती सवय. पण ज्याला आधी वरण जात होतं त्याला तेही जाईनासं झालं, माणूस पुढच्या पायरीवर जायच्या ऐवजी मागच्या पायरीवर उतरला, तर ते दुखणं. स्लीव्हची नळी वळणापाशी आकसू शकते, बायपासमध्ये जोड दिलेली जागा अरुंद होऊ शकते. एंडोस्कोपीने ते पाहता येतं आणि बहुतेक वेळा आत फुगा फुगवून रुंदही करता येतं. हे कळायला आम्हाला चार आठवडे लागले, कारण घरात "नखरे" आणि फोनवर "सवय".

त्या चार आठवड्यांत तिच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. जिना चढताना पाय लटपटू लागले. घरात एकमुखाने ठरलं, "कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेऊन सलाईन लावा, ताकद येईल." आपल्याकडे सलाईनवर देवापेक्षा जास्त श्रद्धा! सुदैवाने तिच्या मैत्रिणीने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी ब-१ जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन दिलं आणि मगच सलाईन. या जीवनसत्त्वाचा साठा शरीरात दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. सतत उलट्या झाल्या की तो संपतो. मग मुंग्या, अशक्तपणा, दोन-दोन दिसणं, तोल जाणं, भ्रम. अशा अवस्थेत थायमिन न देता ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे वाक्य कृपया पुन्हा एकदा वाचा. नंतर एंडोस्कोपीत नळी अरुंद झालेली दिसली, दोनदा फुगा फुगवावा लागला. आता तिला मऊ भात आणि वरण जातं. मुंग्या पुष्कळ कमी झाल्या, पूर्ण गेलेल्या नाहीत.

"मग करायचंच कशाला असलं ऑपरेशन? तोंडावर ताबा ठेवला असता तर?" हा प्रश्न मला थेट दोघांनी विचारला. तिची साखर, तिचे गुडघे, दहा वर्षांची निष्फळ पथ्यं यांतलं काहीही त्यांना माहीत नव्हतं. आणि ही एकटीची गोष्ट राहणारही नाही. २०२२ साली या शस्त्रक्रियेच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांना बीएमआय २७.५ पासून पुढे ही शस्त्रक्रिया सुचवावी असं म्हटलं आहे. म्हणजे प्रत्येक पंगतीत असं एखादं पान असणारच.

घट्ट अन्न अडतं म्हणून ही माणसं जे अडत नाही त्याकडे वळतात, तेही आपल्याच कृपेने. चहात बुडवलेलं बिस्किट, आइस्क्रीम, मिल्कशेक सगळं सुळकन उतरतं. "निदान एवढं तरी पोटात जातंय" म्हणून घरचे खूश. प्रथिनं नाहीत, केस गळतात, वजन परत चढतं, आणि मग पुन्हा आपणच म्हणायला मोकळे की ऑपरेशन फसलं! बायपासवाल्यांची तर गोडाने आणखी वेगळी दैना होते : घाम, धडधड, जुलाब. पेढा हातावर ठेवताना एवढं लक्षात असू द्या.

असो. येत्या मार्गशीर्षात घरात लग्न आहे. तिच्या पानावर काय वाढायचं ते मी वाढप्यांना लिहून देणार आहे, मराठीत, मोठ्या अक्षरांत. एक वाटी वरण, दोन चमचे भात, थोडं पनीर, आणि पाण्याचा पेला लांब. ज्यांना आग्रह केल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी खुशाल माझ्या पानाशी यावं. जिलबी मला अजून चार सहज जातात.