नांगर विकला जाईपर्यंत खायचं काय?

शनिवारची संध्याकाळ, एफसी रोड, समोर एसपीडीपी... आणि आमचा मित्र गप्प! एरवी हा माणूस दोन मिनिटं शांत बसत नाही. शेवटी म्हणाला, 'बंद केलं यार. सोमवारी इंटरव्ह्यू आहे.'

बंद केलं म्हणजे इडली-डोशाच्या पिठाचा बिझनेस. चौदा महिन्यांपूर्वी हिंजवडीतली झकास पगाराची नोकरी सोडून त्याने तो सुरू केला, तेव्हा आम्ही त्याच्याकडून पार्टी उकळली होती. सोमवारी सकाळी बॉसचं तोंड बघायचा कंटाळा आलेल्या आम्हा सगळ्यांचा तो हीरो होता. आणि पीठ खरंच मस्त होतं हो! माझ्या आईने पास केलेलं, म्हणजे बघा. मग झालं काय? एप्रिल झाला. काही दुकानदार वीजबिल वाचवायला रात्री फ्रिज बंद करायचे आणि सकाळी पाकिटं फुगून टम्म. आंबलेला माल परत, खपलेल्या मालाचे पैसे दीड महिन्याने. पीठ चांगलं असूनही धंदा बुडू शकतो, हे त्याला कुठल्या सेमिनारमध्ये कुणी सांगितलंच नव्हतं.

तिथे सांगितली होती ती लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट. त्यांनी लोखंडी नांगर बनवला, लोखंडाने जमिनीत विष भिनेल म्हणून शेतकरी हात लावेनात, पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, तरी गडी हटला नाही! टाळ्या. आमच्या मित्राने 'हटायचं नाही' हे लॅपटॉपवर वॉलपेपर म्हणून लावलं होतं.

गोष्ट खरी आहे, पण अर्धी. ती ऐकताना मला नेहमी एक बायकी म्हणा, बावळट म्हणा, प्रश्न पडतो. दोन वर्षं नांगर खपला नाही, तर घरात चूल कशावर पेटत होती?

नांगर हा काही लक्ष्मणरावांचा पहिला धंदा नव्हता. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात मोजतो ती १८८८ पासून, बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणराव मुंबईत ड्रॉइंग शिकवायची नोकरी करत होते. ते तिथून सायकली पाठवायचे, भाऊ रामूअण्णा बेळगावात विकायचे, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. म्हणजे पगार इकडे चालू, दुकान तिकडे चालू! प्रमोशन डावललं गेलं तेव्हा राजीनामा दिला, पण जायला दुकान होतं. मग कडबा कापायचं यंत्र आलं आणि त्यानंतर कुठे नांगर.

आणि 'हटला नाही' म्हणाल, तर तेही तितकंसं खरं नाही. मुळात त्यांना चित्रकार व्हायचं होतं. जे. जे. स्कूलमध्ये शिकताना कळलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. झालं, चित्रकला सोडली, यंत्रांची ड्रॉइंग्ज धरली. पुढे नोकरी सोडली. नव्या वस्तीसाठी नगरपालिकेला जागा हवी झाली, तेव्हा बेळगावही सोडावं लागलं. १९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपये कर्ज दिलं. जमीन म्हणजे काय, निवडुंगाने भरलेला माळ! तिथे उभी राहिली किर्लोस्करवाडी. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, याचा हिशेब पक्का असलेला हा माणूस आपण वॉलपेपरवर नुसता हट्टी करून टाकलाय.

मी हे सगळं मित्राला ऐकवलं. तो म्हणाला, 'तुला बोलायला काय जातंय?' बरोबर आहे. पण मीही तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून फ्रीलान्सर झाले, तेव्हा कूल वाटलं होतं. आता सांगते, या कॉलमवर माझं घरभाडं निघत नाही. मिक्सर आणि गीझरच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते, त्यावर निघतं. ते माझं सायकलचं दुकान. पार्टीत मी त्याबद्दल बोलत नाही, एवढंच.

मित्राचं दुकान नव्हतं. होते ते बाबांच्या पीएफमधले सहा लाख. नोकरी मिळेल हो त्याला. सीव्हीत त्या चौदा महिन्यांचं काय लिहू, असं विचारत होता. 'स्वतःचा व्यवसाय, बंद केला' लिही म्हटलं, आणि फ्रिजची गोष्ट इंटरव्ह्यूत सांग. खरा प्रॉब्लेम वेगळाच होता. धंदा बंद झाल्याचं बाबांना अजून माहीतच नाही.

'फोनवर सांगू?'

नको म्हटलं. पुढच्या शनिवारी सांगलीला जाणार आहे तो. किती माल गेला, किती परत आला, कुणाकडे किती येणं आहे, सगळं एका कागदावर लिहून ने, असं सांगितलं. बाबा बँकेतून रिटायर झालेत. हिशेब बघायला बसले, की निदान तेवढा वेळ ओरडणार नाहीत.